मधूनच आलेल्यांसाठी

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते आणि आमच्या दहावीच्या वर्गातले काही फोन समुद्रावर जातात. मुलं शाळेत, फोन बापाबरोबर बोटीवर. जून-जुलैत बोटी शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, बाप घरी म्हणून फोनही घरी, आणि ऑनलाइन अभ्यासाच्या पानांवर रात्री उशिरापर्यंत हालचाल दिसते. फक्त लावणीच्या दिवसांत फोन घरात असूनही उपयोग नसतो, कारण हात चिखलात. ऑगस्टात हालचाल ओसरते आणि गणपतीत पुन्हा उसळते. मुंबईहून काका येतात, काकांच्या फोनमध्ये भरपूर डेटा असतो, आणि आरतीला अजून अवकाश आहे असं बघून पोरं गणपतीवर बांधलेल्या माटवीखाली बसूनच महिन्याभराचे स्वाध्याय उरकतात. एकदा एका मुलाने रासायनिक समीकरणं पाठवली त्या फोटोच्या कोपऱ्यात दूर्वांची जुडी आली होती. समीकरणं बरोबर होती.

मी देवगडकडच्या एका सड्यावरच्या, म्हणजे उंचावरच्या कातळ-पठारावरच्या, शाळेत विज्ञान शिकवते. २०२० साली सगळ्यांवर जी वेळ आली तीतून आमच्या संस्थेच्या शाळांचे ऑनलाइन कोर्स बांधायचं काम माझ्याकडे आलं. साथ गेली, काम राहिलं. शाळा सड्यावर असल्यामुळे शाळेत रेंज उत्तम. मुलांच्या वाड्या मात्र खाली, खाडीच्या अंगाला, माडांच्या आडोशाला. तिथे घरातल्या एका ठरावीक खिडकीत रेंजच्या दोन काड्या येतात आणि त्या खिडकीवर आधी आजीचा हक्क असतो, कारण तिला मुंबईच्या लेकीशी बोलायचं असतं.

ऑनलाइन कोर्स बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सहसा एक मूल असतं. ते पहिल्या दिवशी येतं, स्वागताचं पान वाचतं, पाठ १ उघडतं, तो संपवून पाठ २ कडे जातं. असं मूल मी अजून पाहिलेलं नाही. आमच्याकडे येतात ती मधूनच येतात. कुणाला मैत्रिणीने पाठ ७ ची लिंक पुढे पाठवलेली असते. कुणी आजारी होतं. कुणी जुलैत मामाच्या गावाहून या शाळेत दाखल झालेलं असतं. कुणी परीक्षेच्या आदल्या रात्री पहिल्यांदाच पासवर्ड विचारतं. हे अपवाद नाहीत, हाच वर्ग आहे.

म्हणून कोर्स सोपा आहे की नाही हे ठरवायला मी एकच कसोटी धरते. मुलाला कुठल्याही पानावर नेऊन सोडलं, तरी कुणालाही फोन न करता त्याला कळलं पाहिजे, की मी कुठे आहे, इथे काय करायचंय आणि याच्या आधीचं कुठे मिळेल. पुढे काय, हा प्रश्न नंतरचा. ‘पुढे’चं बटण सगळेच मोठ्या हौसेने देतात. पण उशिरा आलेल्या मुलाचं अडतं ते मागच्यापाशी.

कोर्स बांधायला आम्ही मूडल नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. मूडल करणारे मार्टिन डुगियामास पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी, आडबाजूच्या वस्तीत वाढले आणि लहानपणी रेडिओवरून शाळा शिकले. तिकडे त्या शाळेला ‘स्कूल ऑफ द एअर’ म्हणतात. १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून ती सुरू झाली, वायरलेस सेटवर बाई बोलणार आणि शेकडो मैलांवरच्या घरांतून मुलं उत्तर देणार. मूडलची १.० आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. लांबून शिकण्याचा अनुभव असलेल्या माणसाच्या हातचं हे काम आहे, हे मला आवडतं. पण साधन कुणी केलं यावर मांडणी ठरत नाही, ती आपल्यालाच करावी लागते.

उदाहरणार्थ, मूडलमध्ये कोर्स आठवड्यांप्रमाणे मांडता येतो. दर आठवड्याला एक कप्पा, त्यावर तारखा, आणि चालू आठवडा उठून दिसतो. दिसायला फार शिस्तशीर. आमच्याकडे ही शिस्त आषाढापर्यंतसुद्धा टिकत नाही. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, साकवावरून पाणी जातं, वीज जाते, पाठोपाठ टॉवरही जातो. २०२० मध्ये ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडकडच्या शाळांचे पत्रे उडाले होते आणि त्याच महिन्यात ऑनलाइन शाळा सुरू करायची होती. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्यात गेलं. अशा वेळी ‘१२ ते १८ जुलै’ असं लिहिलेला कप्पा मुलाला एकच गोष्ट सांगतो, ही गाडी सुटली. आत ठेवलेला पाठ तसाच ताजा असतो, पण वर जुनी तारीख बघून मूल तो उघडतच नाही. त्यामुळे आमचे कप्पे पाठांच्या नावाने असतात. तारीख लिहायची ती फक्त वही किंवा प्रकल्प जमा करायच्या ठिकाणी, आणि तीही बदलता येईल अशी.

याची दुसरी बाजू गूगल क्लासरूममध्ये दिसते. २०१४ साली ते आलं तेव्हा सगळा मजकूर एकाच धारेत पडायचा, नवीन टाकलेलं सगळ्यात वर. जूनमधला पहिला पाठ दिवाळीपर्यंत तळाला जाऊन बसायचा. उशिरा आलेल्या मुलाला आधी शेवट दिसायचा, आणि सुरुवात शोधायला अंगठा दुखेपर्यंत पान सरकवायचं. २०१८ मध्ये त्यांनी विषयवार लावता येईल असं वेगळं पान दिलं. तरी आजही पुष्कळ शिक्षक धारेतच टाकतात, कारण टाकायला ते सोपं. टाकणाऱ्याची सोय आणि शोधणाऱ्याची सोय यांत जिथे निवड करावी लागते तिथे बहुतेक कोर्स टाकणाऱ्याच्या बाजूने बांधलेले असतात. शिक्षकांना नावं ठेवत नाही मी. शाळा, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची कामं, हे सगळं उरकून रात्री लिंक टाकणारा माणूस दमलेला असतो.

हे सगळं पुस्तकात वाचून कळतं, पण पटतं ते मुलाशेजारी बसून. मी नववीतल्या एका मुलीला तिच्या आईच्या फोनवर म्हटलं, “मागची चाचणी शोधून दाखव गो, मी काही सांगणार नाही.” शिक्षकाला गप्प बसणं किती जड जातं ते त्या बाकावर कळतं. तिने कोर्स उघडलाच नाही. आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, शोधायच्या जागी ‘चाचणी’ असं लिहिलं. तीन विषयांच्या चाचण्या, दोन ‘चाचणी पुढे ढकलली आहे’ आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा निघाल्या. मग एक व्हॉइस नोट दुप्पट वेगाने ऐकली. मग नाइलाजाने कोर्स. अंगठा खाली गेला, वर आला, पुन्हा खाली. हवी ती ओळ तिच्या डोळ्यांखालून दोनदा गेली.

“माका गावाक नाय, बाई.”

ती ओळ पडद्यावरच होती. तिच्यावर ‘आकारिक मूल्यमापन – साधन तंत्र ३’ असं लिहिलेलं होतं, शाळेच्या दप्तरात असतं तसं. खात्याला पाठवायच्या अहवालात ते नाव हवंच. मुलांच्या पानावर त्याची काही गरज नव्हती.

कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. माणूस पडद्यावर माहिती शोधताना वाचत नाही, माग काढतो. ज्या दुव्याला हव्या त्या गोष्टीचा वास येतो तिकडे वळतो, वास येईनासा झाला की वाट सोडतो. ती मुलगी नेमकं तेच करत होती. आणि ‘तीन क्लिकांच्या आत सापडलं पाहिजे’ असा जो नियम सगळीकडे सांगतात, तो २००३ साली जोशुआ पोर्टर यांनी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या नोंदींवर तपासला तेव्हा टिकला नाही. तिसऱ्या क्लिकनंतर लोक कंटाळून निघून जातात असं काही दिसलं नाही. वाट बरोबर आहे असं वाटत असेल तर लोक चालत राहतात.

इथे मला एक पुस्ती जोडायची आहे. चांगल्या नेटवर बसलेल्या माणसासाठी हे सगळं खरं. आमच्या खालच्या वाडीत प्रत्येक क्लिक म्हणजे पान नव्याने उतरवणं, आणि दोन काड्यांवर त्याला लागणारा वेळ माणसाचा धीर बघतो. तेव्हा क्लिक मोजावे लागतातच, फक्त कारण वेगळं. त्यावर उपाय म्हणून काही जण सगळा विषय एकाच लांबलचक पानावर ओततात. ते त्याहून वाईट, कारण मग ते एक पानच उतरत नाही. आम्ही एका पाठाचं एक पान ठेवलंय. त्यात चित्रं लहान करून, लिहिलेलं जास्त, आणि आवाजाच्या छोट्या फिती. मूडलच्या अ‍ॅपमध्ये पाठ शाळेतच उतरवून घेता येतो आणि घरी नेट नसताना वाचता येतो. यूट्यूबचा व्हिडिओ मात्र असा उतरत नाही, त्यामुळे पाठाचा जीव व्हिडिओत ठेवायचा नाही असं आम्ही ठरवलंय. व्हिडिओ मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी पाठ समजला पाहिजे.

दुव्यांच्या नावांबद्दल मुलांना काय हवंय हे एसटीची पाटी बघून कळावं. कुठून, कुठे आणि खाली बारीक अक्षरात ‘मार्गे’. ‘इथे बसा’ अशी पाटी लावलेली एसटी तुम्ही पाहिली आहे का? कोर्समध्ये मात्र ‘इथे क्लिक करा’ हे सर्रास. जिच्या डोळ्यांना दिसत नाही अशी मुलगी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरते तेव्हा ती पुष्कळदा पानावरचे नुसते दुवे एकापाठोपाठ ऐकते. तिला ऐकू येतं: इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा. डब्ल्यूथ्रीसी या वेबचे निकष ठरवणाऱ्या संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये सर्वांना वापरता येतील अशा पानांचे जे निकष दिले, त्यांत दुव्याचा हेतू त्याच्या शब्दांवरून किंवा आजूबाजूच्या मजकुरावरून कळावा असं आहे, आणि पानापानावर येणाऱ्या वाटा त्याच क्रमाने याव्यात असंही आहे. ते निकष अपंगत्व असलेल्यांसाठी म्हणून ओळखले जातात. काच तडकलेल्या फोनवर, एप्रिलच्या उन्हात, आंब्याच्या पेट्यांवर बसून वाचणाऱ्या धडधाकट पोरालाही ते तितकेच लागतात. ‘पाठ ७ – भिंगे – सराव, १० प्रश्न, १५ मिनिटं’ एवढं नावातच लिहिलं की पेट्या भरण्याच्या मधल्या वेळात हे होईल की नाही ते त्याचं तो ठरवतो.

आता पाठ ७ आलाच आहे तर जरा इथेच थांबते, कारण खरी मेहनत इथे आहे.

दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये सहावा पाठ प्रकाशाचे अपवर्तन, सातवा भिंगे व त्यांचे उपयोग. ऑगस्टात फोन गेलेला मुलगा गणपतीत परततो तो थेट भिंगांवर. त्याला काय सांगायचं? ‘आधी पाठ ६ पूर्ण करा’ असं लिहून बंद दार दाखवणं सगळ्यात सोपं. कित्येक कोर्समध्ये तसं कुलूपच घालतात, आधीचं संपवल्याशिवाय पुढचं उघडत नाही. मला ते पटत नाही. काकांचा फोन पाच दिवसांसाठी आहे. त्या पाच दिवसांत त्याला भिंगं समजायला हवी असतील तर सहाव्या पाठातलं नेमकं काय लागेल, हे मी शोधून द्यायचं. ते कोर्सच्या रचनेचं काम आहे आणि ते संगणकाला येत नाही, विषय शिकवणाऱ्यालाच येतं.

तर सहाव्या पाठातलं फार थोडं लागतं. प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्यात तिरपा जाताना वळतो, आणि विरळातून घन माध्यमात जाताना स्तंभिकेकडे, म्हणजे पृष्ठभागावर काढलेल्या लंब रेषेकडे, झुकतो, एवढं. अपवर्तनांकाची गणितं, तारे का लुकलुकतात, इंद्रधनुष्य कसं होतं, हे सगळं नंतर शांतपणे करता येईल. गंमत म्हणजे भिंगांची उदाहरणं सोडवताना मुलं जिथे खरोखर अडतात ते सहाव्या पाठात नाहीच. ते आहे नववीत, प्रकाशाच्या परावर्तनात, आरशांसाठी शिकवलेल्या कार्टेशियन चिन्ह संकेतात. कुठलं अंतर धन, कुठलं ऋण, हे ज्याला तेव्हा कळलं नाही त्याचं भिंगाचं सूत्र पाठ असूनही उत्तर चुकतं. म्हणून आमच्या पाठ ७ च्या पानावर सगळ्यात वर, पाठ सुरू होण्याआधी, एक चौकट आहे. ‘याआधी लागेल’ असं तिचं नाव. तीत दोनच गोष्टी: किरण कुठे वळतो त्याची एक आकृती, आणि चिन्ह संकेताची एक आकृती, खाली छोटी आवाजाची फीत. ज्याला येतं तो चौकट ओलांडून पुढे जातो.

अशी चौकट प्रत्येक पाठाला करायला एक अख्खी मे महिन्याची सुट्टी पुरत नाही. प्रत्येक वेळी वाद होतात. आमचे गणिताचे सर म्हणतात सगळंच लागतं. सगळंच लागत असेल तर चौकट करून उपयोग नाही, हे त्यांनाही माहीत आहे, पण विषयावरचं प्रेम आड येतं.

मुलांच्या हातात आधीच एक नकाशा असतो, तो म्हणजे बालभारतीचं पुस्तक. कुठला पाठ जाडा, कुठला बारका, आकृती डाव्या पानावर होती की उजव्या, हे त्यांना बोटांनी माहीत असतं. त्यामुळे आमच्या कोर्समधले पाठांचे क्रमांक पुस्तकातलेच, आणि प्रत्येक भागापुढे पुस्तकातला पान क्रमांक. एखाद्या शिक्षकाला उष्णता आधी घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी, पण ती पाचवा पाठ म्हणूनच राहील. दीक्षा हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं, तेव्हा त्यांनी हाच धागा पकडला आणि पुस्तकातच क्यूआर कोड छापले. कल्पना मला फार नेमकी वाटते, कारण ती मुलाला नवीन जागा शोधायला लावत नाही. कोडखाली सहा अक्षरांचा आणखी एक संकेत छापलेला असतो, तो पुष्कळ पालकांना ठाऊक नसतो. पुस्तकाची पीडीएफ आणि दीक्षा दोन्ही एकाच फोनवर असतील तर स्वतःचाच पडदा स्कॅन कसा करणार? तिथे ती सहा अक्षरं टाइप करायची, काम होतं.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून जे मांडलं ते या सगळ्याच्या तळाशी आहे. नव्या गोष्टी हाताळताना माणसाच्या डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं, आणि ती जागा शोधाशोधीत खर्च झाली तर शिकायला उरत नाही. आकृती एका ठिकाणी आणि तिचं स्पष्टीकरण दुसऱ्या ठिकाणी असेल तर दोन्ही जुळवण्यातच मूल दमतं, हेही त्यांच्याच प्रयोगांतून पुढे आलं. फोनवर तर हे दामदुप्पट. आकृती पीडीएफमध्ये, समजावणं व्हिडिओत, प्रश्न गूगल फॉर्ममध्ये. एकातून दुसऱ्यात जाताना मधे आईला फोन येतो, आणि परत आल्यावर फॉर्म रिकामा.

मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं होतं, सगळं असं हातात आणून दिलंत तर पोरं शोधायला शिकणार कधी? प्रश्न वाजवी आहे. भिंगापुढे वस्तू कुठे ठेवली तर प्रतिमा कुठे पडेल, हे शोधताना डोकं खाजवायलाच हवं, आणि तिथे मी अजिबात मदत करत नाही. उत्तरं सरावाच्या पानावर ठेवतच नाही. पण तो सराव कुठे ठेवलाय हे शोधण्यात कसलं विज्ञान आलं? आणखी एक ऐकवतात, दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला, मग हा खटाटोप कशाला? निकाल पोरांच्या आणि त्यांच्या आयांच्या चिकाटीचा आहे. त्यातली किती चिकाटी लिंक शोधण्यात गेली ते गुणपत्रिकेवर छापून येत नाही.

सहकाऱ्यांची तक्रार वेगळी. सगळी पानं एकसारखी, कंटाळवाणी दिसतात म्हणे. दर पाठाला वर चौकट, मग वाचायचं, मग सराव, मग वही जमा. चित्रकलेच्या बाईंना प्रत्येक पाठाला वेगळा रंग हवा होता. रंग दिला, क्रम दिला नाही. कंटाळवाणेपणाची तक्रार मुलांकडून मात्र आलेली नाही. त्यांना पानाकडे बघायचं नसतं, पानातून पलीकडे जायचं असतं.

नवीन कोर्स जूनमध्ये खुला करण्याआधी आम्ही तो वार्षिक परीक्षेनंतर नववीतल्या काही मुलांपुढे ठेवतो. दहावीची मुलं नकोत, त्यांना विषय माहीत झालेला असतो. शिक्षक तर नकोतच. नववीची मुलं बेधडक सांगतात. गेल्या खेपेला कुणी म्हणालं, करडी चौकट जाहिरातीसारखी दिसते म्हणून मी सोडली. ती आता पांढरी केलीय, काळ्या रेघेची. दुसऱ्याने दाखवलं की यादीत पाठ १ नंतर पाठ १० येतोय आणि पाठ २ त्याच्याही खाली. फायलींची नावं आकड्यांप्रमाणे न लागता अक्षरांप्रमाणे लागली होती, ०१, ०२ असं केल्यावर सुटलं. तिसरीने विचारलं, “बाई, सराव वाचायच्या आधी करूचो काय नंतर?” मी म्हटलं, नंतर. ती म्हणाली, “मग माका आधी कसा कळतला, माका येता काय नाय ता?” यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. गणिताचे सर सराव वर घ्यायला तयार आहेत. मला वाटतं तीन प्रश्न वर जावेत, बाकीचे खालीच राहावेत. या जूनला पाठ ७ तसा लावून बघणार आहोत, फक्त तो एकच.